बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणात सर्वांत जास्त नुकसान मोठ्या माणसांच्या घाईने होते, आणि त्यात मीही होते. माझ्या वर्गातील एक मुलगा लाकडी फळीवरील बटणे सफाईने लावू लागला, तेव्हा मी नोंदवहीत ‘कौशल्य साध्य’ असे लिहून मोकळी झाले. पुढच्या पालकसभेत त्याची आई म्हणाली, “बाई, घरी तर तो एकही बटण लावत नाही.” मला ते पटेना, पण शर्ट अंगात घालून दिल्यावर तो खरोखरच बटण धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. फळीवरची बटणे त्याच्याकडे तोंड करून असत, तर अंगातल्या शर्टाची बटणे उलट्या बाजूला आणि हनुवटी छातीला टेकवून पाहावी लागणारी. त्याच्या दृष्टीने हे काम नवेच होते. शिवाय प्रत्येक बटणानंतर मी “शाब्बास, आता पुढचे” म्हणत असल्याने माझा आवाजही त्या कृतीचा एक टप्पा होऊन बसला होता.

तेव्हापासून मी अंगातल्या कपड्यावरच, शेवटच्या टप्प्यापासून शिकवते: बटण काजातून अर्धे मी सरकवते, उरलेले ओढणे मुलाचे, ते जमले की एक टप्पा मागे. सूचना दिल्यावर मनात दहा आकडे होईपर्यंत मी माझेच हात पाठीमागे बांधून थांबते. आठवड्यात निकाल मागणाऱ्या नवशिक्यांना हे कंटाळवाणे वाटते, त्याला माझा इलाज नाही.

‘हिचे मानसिक वय पाच’ हे वाक्य तर मला ऐकवत नाही. ती चाचणीतील गुणांची त्या वयाच्या मुलांच्या गुणांशी केलेली तुलना आहे. निदानासाठी बुद्ध्यंकाबरोबर दैनंदिन व्यवहारातील कौशल्येही पाहावी लागतात. पंधरा वर्षांच्या मुलीला पाळी येते, मैत्रीण हवीशी वाटते. तिला बडबडगीतांत गुंतवून पाळीची स्वच्छता आणि नकोशा स्पर्शाला नकार देणे शिकवायचे राहिले, तर धोका तिलाच असतो.

डाउन सिंड्रोम (बौद्धिक अक्षमतेशी निगडित एक जन्मजात गुणसूत्रीय स्थिती) असलेल्या मुलांत ऐकू कमी येण्याची तक्रार वारंवार आढळते, म्हणून ‘सांगितलेले ऐकत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी श्रवणचाचणी करावी. बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार म्हणू नये.

जनजागृतीच्या नावाखाली मुलांना व्यासपीठावर बसवून त्यांच्यादेखत दयेची भाषणे करणे मला मान्य नाही. मी मुलाला घेऊन दुकानात जाते आणि दुकानदाराला एवढेच सांगते, “काय हवे ते त्यालाच विचारा, एका वेळी एकच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडे पाहू नका.”