एअरस्पीड इंडिकेटर वेग मोजत नाही, हे कळलं तेव्हा

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) पायलट परीक्षेतल्या टेक्निकल जनरल पेपरला पहिल्या खेपेस मला 66 टक्के पडले. पास व्हायला 70 लागतात. आयएएस (काटा दाखवतो तो वेग), सीएएस (त्यातली यंत्राची चूक काढलेला), ईएएस (हवा दाबली जाण्याचीही दुरुस्ती केलेला), टीएएस (विमान हवेतून खरंच जातं तो वेग), साऱ्या व्याख्या तोंडपाठ होत्या. पण सीएएस तोच ठेवून चढत गेलं तर टीएएसचं काय होईल, असं विचारलं की मी अडायचे.

गुंता सुटला तो हँगरमध्ये. इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करणाऱ्या काकांनी काच काढलेला जुना एअरस्पीड इंडिकेटर टेबलावर ठेवला, पिटोच्या (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या नळीच्या) तोंडाला रबरी नळी जोडली आणि सिरिंजचा दट्ट्या अगदी हलके दाबला. आतली पातळ पत्र्याची डबी जराशी फुगली नि काटा 60 वर गेला. विमान नाही, वारा नाही, तरी 60 नॉट! "हे वेग मोजत नाही गं, दाब मोजतं," काका म्हणाले.

हा दाब म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. डायल आखताना घनता समुद्रसपाटीची धरतात, घनमीटरला 1.225 किलो. वर हवा विरळ, म्हणून तेवढाच दाब यायला जास्त पळावं लागतं. प्रमाण वातावरणात 10,000 फुटांवर 100 नॉट सीएएस म्हणजे साधारण 116 नॉट टीएएस. 40,000 फुटांवर टीएएस ईएएसच्या जवळपास दुप्पट. पंखालाही हाच दाब उचलतो. म्हणून 10,000 फुटांहून उंच असलेल्या लेहला अप्रोचचा आयएएस नेहमीचाच असतो, पण चाकं टेकताना विमान बरंच जोरात पळत असतं.

आयएएसमधून यंत्राची आणि पिटो आणि स्टॅटिक (बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेणारं भोक) यांच्या जागेमुळे येणारी चूक काढली की सीएएस. ईएएसची दुरुस्ती हवा दाबली जाते म्हणून. ट्रेनर विमानाच्या वेगाला ती नगण्य. टीएएसवरून ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) काढायला फक्त वारा बघायचा.

मॅकसाठी (टीएएस भागिले ध्वनीचा वेग) कागदावर ईएएस, सीएएस, टीएएस, मॅक याच क्रमाने चार रेषा पंख्यासारख्या काढा. जो वेग कायम ठेवलाय त्याची रेषा सरळ उभी. चढताना तिच्या उजवीकडचे वाढतात, डावीकडचे घटतात. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो आणि वर थंडी वाढते, त्यामुळे मॅक कायम ठेवून चढलं तर टीएएस कमी होतो. इन्व्हर्जन (वर जाताना थंडीऐवजी उष्णता वाढणं) असेल तर मात्र हा पंखा विसरा.

व्हीए, म्हणजे ज्या वेगापर्यंत कंट्रोल पूर्ण ओढला तरी सांगाडा मोडण्याआधी पंख स्टॉल होतो (उचल कोसळते) तो वेग, नीट समजून घ्या, तिथे बरेच जण उलटं उत्तर देतात. सेसना 172 एसचा व्हीए 2,550 पौंडांना 105 नॉट, 1,900 पौंडांना 90. विमान हलकं असलं की त्याच वेगाला पंख कमी कोनात उडतो, स्टॉलपासून लांब असतो, आणि स्टॉल होण्याआधीच जास्त जी (वजनाच्या पटीतला भार) ओढून घेऊ शकतो, म्हणून व्हीए कमी.