जुन्या जीपचा क्रँककेस व्हॉल्व्ह बदलताना

चोपडा, यावलकडच्या शेतरस्त्यांवर अजूनही पेट्रोलची जुनी विलीज जीप दिसते आणि ती जिथे उभी राहते तिथे ऑइलचा डाग पडतो. सील बदलूनही गळती थांबत नसेल, तर क्रँककेस (इंजिनचा खालचा, ऑइल असलेला भाग) मोकळा ठेवणारा व्हॉल्व्ह तपासा. पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरलेला गॅस हा व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरला हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या वाटेकडे) ओढून जाळायला पाठवतो. तो बंद अवस्थेत चिकटला की आत दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. उघडा अडकला, तर आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा) जादा हवा जाऊन इंजिन लटपटतं.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, ऑइल भरायच्या नळीचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद आत ओढला गेला पाहिजे. उलट तो उडत असेल आणि भकाभका धूर येत असेल, तर रिंगा झिजल्यात का तेही बघा. तसं असेल तर नवा व्हॉल्व्ह लावून पैसे वाया जातील.

काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करा. धूर बाहेर नेणारा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जवळच असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांना टेकतं, तेव्हा तर हात लावायची सोय नसते. व्हॉल्व्हला गॅस आणणाऱ्या नळीचा नट गंजला असेल तर आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल टाका. तो नट फिरवताना दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्ह घट्ट धरा, नाहीतर नळी पिळवटून चीर जाते.

जुना व्हॉल्व्ह हलवल्यावर खडखडला नाही, तर तो काजळीने जाम आहे. काही जुने व्हॉल्व्ह उघडून पेट्रोलने धुता येतात, पण ते मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून लांब करा. स्प्रिंग ताणू नका. तिच्या ताकदीवरच किती गॅस जाईल ते ठरतं. याच कारणाने मारुतीचा व्हॉल्व्ह 'बसतो' म्हणून लावणं चुकीचं आहे.

आता खरं महत्त्वाचं. बहुतेक जण नवा व्हॉल्व्ह लावतात आणि त्याला जोडलेली नळी तशीच ठेवतात. आत डांबरासारखा गाळ असतो. तार घालून, मग कॉम्प्रेसरची हवा मारून तो काढा. क्रँककेसमध्ये ताजी हवा एअर क्लीनरमधून येते आणि तो ऑइलमध्ये धूळ अडकवतो, म्हणून त्यातलं ऑइलही बदला आणि खुणेपर्यंतच भरा. कपाशी वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्यांवर फुफाटा उडतो, तेव्हा ते लवकर घाण होतं.

आटे हाताने धरवा, सीलंट थोडंच लावा. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्ह पुन्हा अडकवतात. पान्याला जोर लावला तर बिडाला तडा जाऊ शकतो. बसवून झाल्यावर इंजिन गरम करून आयडलिंग आणि कार्ब्युरेटरचं मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) नव्याने जुळवा, मग कागद पुन्हा धरून बघा.