लायनफिशची शिकार: नेम एकच, पण पक्का

लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला. तिथे त्याला मारायचं कारण नाही. अटलांटिकमध्ये मात्र तो उपरा. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ तो सापडला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. प्रवाळावरचं शेवाळ खाणाऱ्या पोपटमाशांची पिल्लं तो गिळतो. एक मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते. म्हणून प्रवाळ वाचवायला त्याच जागी पुन्हा पुन्हा पाण्याखाली उतरावं लागतं.

फ्लोरिडात पोलस्पिअर (मागे रबर असलेला हातभाला), हवाईयन स्लिंग (रबराच्या ताणाने भाला सोडणारं गलोलीसारखं साधन) किंवा हातजाळीने लायनफिश पकडायला परवाना लागत नाही. आकाराची वा संख्येची मर्यादाही नाही. मात्र जिथे भाल्याने मासेमारी करायलाच बंदी आहे, तिथे भाला नेऊ नका.

सोबत साधारण मीटरभर लांबीचा, तीन किंवा पाच टोकांचा पोलस्पिअर, टॉर्च आणि झडपेच्या तोंडाची जाड प्लास्टिकची नळी हवी. जाळीची पिशवी चालत नाही: माशाचे विषारी काटे आरपार येतात आणि पोहताना मांडीत घुसतात. हातमोजे घाला, पण त्यांतूनही काटा शिरतो.

दिवसा हा मासा कपारीत, कधी छताला उलटा चिकटून बसतो. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडतो. त्याच्याकडे सावकाश जा. रबर ताणून भाल्याचं टोक वीतभर अंतरावर आणा आणि कल्ल्यांच्या मागे नेम धरा. पोटात किंवा शेपटीजवळ लागला तर मांस फाटून मासा निसटतो. आधी मागे काय आहे ते बघा. जिवंत प्रवाळ असेल तर मासा सोडून द्या. ज्यासाठी उतरलात तेच फोडून काय मिळवणार? नेम चुकलेला मासा पुढच्या वेळी टॉर्च दिसताच आत दडतो, म्हणून घाईचा वार नकोच. लागल्यावर तो खडकाला दाबून धरा, मग भाल्यासकट नळीत घाला आणि भाला मागे ओढा. झडपेला अडून मासा आत राहतो. या सगळ्या गडबडीत टाकीतली हवा आणि खोली विसरली जाते, म्हणून दर माशानंतर हवा आणि खोली दाखवणारे गेज बघा.

विषारी काटे १८: पाठीवर १३, पोटाखालच्या दोन परांना एकेक, शेपटीकडच्या खालच्या परावर ३. बाजूच्या पंख्यासारख्या परांत विष नसतं. मासा मेला तरी काट्यातलं विष राहतं, म्हणून साफ करण्याआधी जाड कात्रीने सगळे काटे छाटा. मांसात हे विष नसतं.

काटा लागलाच तर डाइव्ह थांबवा, पण वर येताना नेहमीचाच वेग ठेवा आणि सेफ्टी स्टॉप (पृष्ठभागाच्या थोडं खाली काही मिनिटं थांबणं) चुकवू नका. अंगठी काढा, दिसणारा काट्याचा तुकडा उपसा आणि तो भाग सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवा. उष्णतेने विष निकामी होतं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठा.