जुन्या पिकअपला ओव्हरड्राइव्ह बसवायचाय? आधी मोजा

ओव्हरड्राइव्ह म्हणजे टॉपच्याही वरचा जादा गिअर देणारं युनिट, त्याने त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. ते बसवायचाय म्हणून कोणी आलं की मी आधी विचारतो, मागच्या ॲक्सलचा रेशो किती, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा लांब दांडा) किती फेरे घेतो? बहुतेकांना माहीत नसतो. ‘टॉपला इंजिन फार ओरडतं’ एवढंच सांगतात. ओरडत असेलही, पण किती ते आकड्यात उतरल्याशिवाय युनिटवर पैसे घालू नका.

रेशो काढायला डिफ्रन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) उघडावं लागत नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचं एकच चाक उचलून ॲक्सलखाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रलला टाका. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवा. साध्या डिफ्रन्शियलमध्ये शाफ्ट तेवढ्यात जितके फेरे घेईल तो तुमचा रेशो. चार फेरे आणि वर जरासा, म्हणजे ४.१० धरायला हरकत नाही. मग गाडी खाली घेऊन जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि दुप्पट करा. टायरवर लिहिलेल्या मापापेक्षा हा व्यास जास्त खरा, कारण वजनाने टायर बसतो.

आता हिशेब. ताशी किलोमीटरमधला वेग गुणिले रेशो गुणिले ५.३, आणि त्याला मीटरमधल्या व्यासाने भागा. टॉप गिअर थेट १:१ असेल तर हा तुमचा आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे. ९० चा वेग, ४.१० रेशो आणि ०.७५ मीटरचा टायर घेतला तर सुमारे २६०० येतात. ०.७८ च्या ओव्हरड्राइव्हने तेच २०३० च्या आसपास उतरतात. जुन्या, संथ इंजिनाला ही जागा छान मानवते. पण तुमचा ॲक्सल ३.०८ चा असेल तर ९० ला मुळातच १९६० आहेत, ओव्हरड्राइव्ह टाकून ते १५३० होतील. तिथे इंजिन ओढणार नाही, धापा टाकेल. अशा गाडीला हे युनिट नकोच.

‘मग ॲक्सलचाच रेशो बदलून टाकू’ असंही म्हणतात. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवायची असेल तर तो मार्ग स्वस्त आणि साधा. पण हौद्यात माल भरून चढावर उठाव घ्यायचा असेल तर मूळ रेशो मोडू नका. दुसरा पर्याय पाच गिअरचा बॉक्स. एनव्ही४५०० सारख्या बॉक्समध्ये पाचवा ०.७३ चा मिळतो. तुमचा बॉक्स आतून झिजलेलाच असेल तर सरळ तोच बदला. झिजलेल्या बॉक्समागे नवं युनिट लटकवणं मला पटत नाही.

युनिट दोन जागी बसतं. एक प्रकार क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. रेंजर हे त्यातलं जुनं नाव, त्याचा रेशो ०.७३. त्याच्यावर फक्त इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) येतो, आणि तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) पुढे असल्याने फोर बाय फोरमध्येही चालतो. दुसरा प्रकार गिअरबॉक्सच्या शेपटीला, म्हणजे मागच्या टोकाला. गिअर व्हेंडर्सचं युनिट या जातीचं, रेशो ०.७८, आणि मुळात ते लेकॉक द नॉर्मनव्हिल या ब्रिटिश रचनेवरून आलेलं. याच्यावर गिअरने वाढवलेला टॉर्क येतो. एसएम४६५ या चार गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर ६.५५ चा आहे, म्हणजे इंजिनचे ३०० न्यूटन मीटर मागे पोचेपर्यंत जवळपास २००० होतात. म्हणून पहिल्यात ओव्हरड्राइव्हचं बटण दाबायचं नाही. हेच युनिट ट्रान्सफर केसच्या मागे बसवलं असेल तर फोर बाय फोर लावल्यावरही नाही, कारण पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतील आणि काहीतरी तुटेल.

मागच्या प्रकाराचं काम सांगतो, कारण प्रश्न त्याचेच जास्त येतात.

काहीही खोलण्याआधी गाडी चाकांवर उभी असताना मापं घ्या. ॲक्सल लोंबकळत असेल तर माप चुकतं. गिअरबॉक्सचा, शाफ्टचा आणि पिनियनचा (डिफ्रन्शियलच्या ज्या टोकाला शाफ्ट जोडतो त्याचा) कोन कोनमापकाने घेऊन लिहून ठेवा. काम झाल्यावर प्रत्येक क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन एक ते तीन अंशांत बसला पाहिजे, आणि दोन्ही टोकांच्या कोनांत एका अंशाहून जास्त फरक नको. शून्य अंशही बरा नाही, कारण क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून खाचा पाडतात.

हँडब्रेक कुठे आहे ते याच वेळी बघा. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये त्याचा ड्रम गिअरबॉक्सच्या शेपटीलाच असतो आणि नेमका तोच निघतो. मागच्या चाकांना केबलचा हँडब्रेक किंवा दुसरी पक्की सोय झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. ‘गिअरमध्ये उभी करीन’ हे उत्तर चालणार नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी मजबूत स्टँडवर घ्या, शाफ्ट उतरवा. गिअरबॉक्सला मधल्या आडव्या पट्टीचा आधार असेल तर ती काढण्याआधी खाली जॅक द्या. शेपटी काढून अडॅप्टर बसवा, सील आणि गॅस्केट नवंच घाला.

खरी कसरत युनिट सरकवताना. लेकॉक जातीच्या युनिटमध्ये आत दोन वेगळ्या स्प्लाइन (शाफ्टचे दाते ज्यात बसतात त्या खाचा) असतात, एक ग्रहगिअरांच्या कॅरिअरची, म्हणजे त्यांना धरणाऱ्या चौकटीची, आणि एक एकमार्गी क्लचची. शाफ्ट दोन्हींतून जायचा असतो. युनिट हाताळताना कोणी फिरवलं की त्या एकमेकींपासून सरकतात. बॅटरीच्या उजेडात आत बघा आणि लांब स्क्रूड्रायव्हरने हलकेच जुळवा. गिअर टाकून पुढचा शाफ्ट जरा मागेपुढे हलवत युनिट ढकललं की ते स्वतःहून बसतं. शेवटच्या बोटभर फटीला अडलं तर बोल्ट आवळून ओढू नका. मागे घ्या, पुन्हा जुळवा. बोल्टने ओढलेलं युनिट बसल्यासारखं दिसतं, पण आत स्प्लाइनचं टोक चिरडलेलं असतं.

शाफ्ट आता आखूड करावा लागेल. स्लिप योक (शाफ्टचं आतबाहेर सरकणारं टोक) पूर्ण आत ढकला, वीस ते पंचवीस मिलिमीटर बाहेर घ्या आणि दोन्ही क्रॉसमधलं अंतर मोजा. हे माप लेथवाल्याला द्या, दोन्ही योक एका रेषेत ठेवायला आणि शाफ्ट बॅलन्स करून द्यायला सांगा. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगची जागाही पुन्हा ठरवावी लागते.

वायरिंग सोपं आहे. युनिट विजेने चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडला रिले आणि फ्यूज द्या, स्विचवर सगळा करंट टाकू नका. मात्र रिव्हर्सला युनिट आपोआप बंद करणारा कट-ऑफ हवाच. कोन क्लचचं (शंकूच्या आकाराचा क्लच असलेलं) युनिट ओव्हरड्राइव्हमध्ये असताना गाडी मागे घेतली तर एकमार्गी क्लच फुटतो. ‘मी लक्षात ठेवीन’ म्हणणाऱ्यांचीच युनिट माझ्याकडे उघडायला येतात.

स्पीडोमीटरची केबल युनिटच्या मागच्या टोकाला जोडा. गिअरबॉक्सवरच ठेवली तर ओव्हरड्राइव्हमध्ये काटा ८० दाखवील आणि गाडी १०२ वर असेल. तेल मात्र युनिटच्या पुस्तिकेतलंच. कोन क्लच तेलाच्या घर्षणावर जगतो, ‘हेच चांगलं आहे’ म्हणून कोणी हातात दिलेलं नको.

बोर्ग-वॉर्नरचा जुना तीन गिअरचा ओव्हरड्राइव्ह बॉक्स सापडला तर त्याचं तंत्र वेगळं. ओव्हरड्राइव्हचं हँडल आत ढकललेलं असताना ठरावीक वेगाखाली गाडी फ्रीव्हील होते, म्हणजे चाकं इंजिनपासून मोकळी पुढे फिरतात. उतारावर इंजिनचा ब्रेक मिळत नाही, आणि गिअरमध्ये उभी केली तरी ती पुढे घरंगळू शकते. उभी करताना हँडल बाहेर ओढायचं.

चाचणी रिकाम्या, सपाट रस्त्यावर. स्थिर वेगात बटण दाबा. वरच्या उदाहरणातले २६०० चे २०३० होऊन तिथेच थांबले पाहिजेत. खाली येऊन काटा पुन्हा चढला तर युनिटमधला क्लच घसरतोय, लगेच ओव्हरड्राइव्ह बंद करा. थरथर जाणवली तर न्यूट्रलला टाकून गाडी नुसती धावू द्या. तरी राहिली तर दोष शाफ्टमध्ये किंवा कोनांत आहे.

आणि फक्त टॉपसाठी वापरू नका. एसएम४६५ मध्ये तिसरा १.७० चा आणि चौथा १.००, मध्ये मोठी दरी. तिसऱ्यात ओव्हरड्राइव्ह टाकला की १.३३ मिळतो. भरल्या गाडीने लांब चढ चढताना मला टॉपच्या ०.७८ पेक्षा याचाच जास्त उपयोग वाटतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर अडॅप्टरचे बोल्ट आणि तेलाची पातळी मात्र एकदा बघून घ्या.