घरी पाहुणे येणार? सर्व्हिंग प्लॅटर असं निवडा

दुकानातल्या मांडणीवर रिकामं प्लॅटर ऐसपैस दिसतं. घरी आणून त्यात कोथिंबीर वड्या लावायला घेतल्या की निम्म्या वड्या बाहेरच राहतात. म्हणून खरेदीआधीचं थोडं काम घरीच उरकून घ्या.

१. काय वाढणार ते ठरवा
वड्या, ढोकळा, कटलेट यांना सपाट प्लॅटर हवं. दहीवडे किंवा पाणी सुटणारी कोशिंबीर असेल तर खोलगट. दोन्ही कामांना चालेल म्हणून मधलंच काहीतरी घेऊ नये. त्यात वड्या मधोमध घसरतात आणि दही काठाशी येतं.

२. माप काढा
आठ जणांना तीन-तीन म्हणजे २४ वड्या. वडी ४ सेंटिमीटरची आणि उचलायला बोट जाईल एवढी फट धरली, तर एकीला ५ सेंटिमीटर लागतात. सहा-सहाच्या चार ओळींना ३० बाय २० सेंटिमीटर सपाट जागा हवी. लेबलवरचं माप मात्र बहुतेक वेळा काठासकट असतं, आणि तिरका काठ प्रत्येक बाजूला दोन-तीन सेंटिमीटर खातो. तेव्हा ३५ सेंटिमीटरच्या आतलं बघूच नका. चौकोनी वड्यांना आयताकृती प्लॅटर सोयीचं. मध्ये चटणीची वाटी ठेवून भोवती अळूवड्या रचायच्या असतील, तर गोलच छान दिसतं.

३. वर्तमानपत्र कापा
त्याच मापाचा कागद कापून टीपॉयवर ठेवा. पाण्याचे ग्लास ठेवायला जागा उरते का? मग तोच कागद फ्रिजच्या कप्प्यात आणि सिंकमध्ये धरून बघा. सिंकमध्ये न मावणारं प्लॅटर घासणं म्हणजे ओटाभर पाणी.

४. कशाचं घ्यायचं?
रोजच्या घाईला स्टील उत्तम, फुटायची भीती नाही. मेलामाइन हलकं असतं, मुलांच्या वाढदिवसाला बरं. पण ते मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही आणि हळदीचे डाग धरतं. लाकडी ट्रे सुक्या खाऊपुरता ठेवा. पाण्यात भिजत टाकला की वाकतो. पितळी तबक सणाला शोभतं, पण कल्हई नसेल तर दही, लिंबू, चिंच त्यात नको, आंबट पदार्थ कळकतात. एकच घ्यायचं असेल तर माझं मत पांढऱ्या चिनी मातीला. त्यावर हिरवी चटणी, पिवळा ढोकळा, काहीही उठून दिसतं. नक्षी हवीच असेल तर काठावर असू द्या, तळाची नक्षी खाण्याखालीच झाकून जाते.

५. दुकानात हात लावून बघा
पुण्यात बोहरी आळीसारख्या ठिकाणी भांडी हाताळून बघता येतात, त्याचा फायदा घ्या. प्लॅटर काउंटरवर ठेवून कोपरे दाबा; डुगडुगलं तर परत द्या. काठाखाली बोटं नीट जायला हवीत. रिकामंच जड लागत असेल, तर भरल्यावर सगळ्यांपुढे फिरवताना मनगट भरून येईल. चिनी मातीच्या प्लॅटरला टिचकी मारा. आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला तर कुठेतरी बारीक तडा असू शकतो. खालच्या कडेवरूनही बोट फिरवा. ती खरखरीत असेल तर लाकडी टेबलावर ओरखडे उठतात.

तिथेच एक पसरट चिमटाही घ्या, म्हणजे पाहुण्यांना वड्या हाताने उचलाव्या लागणार नाहीत.