बाजाराचा वार धरून पेरणी: पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याच्या आठवडे बाजारासाठी भाजी कशी करावी

मुरबाड-शहापूरकडच्या आपल्या शेतावर मिरगाच्या सुमारास सगळं लक्ष भाताच्या राबाकडे, म्हणजे रोपांच्या वाफ्याकडे असतं. भाजी मागाहून सुचते. तोवर ठाण्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे बांधलं जातं. २०१६ साली राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे माल वाशीच्या घाऊक बाजारातच न्यायला हवा असं नाही, सोसायटीच्या दारात थेट विकता येतो. पण तिथे दर आठवड्याला दिसावं लागतं. म्हणून पेरणीची तारीख बाजाराच्या वारापासून उलटी मोजून काढा.

लाल माठ आणि मुळ्याचा पाला २५ ते ३० दिवसांत निघतो. जूनच्या मध्याला पहिली जुडी हवी असेल तर विहिरीच्या पाण्यावर मेच्या मध्यातच पेरा. सगळं बी एकदम टाकू नका, दर आठवड्याला एक वाफा पेरत जा. वाफे गादीचे करा: मीटरभर रुंद, वीतभर उंच, मध्ये पाणी निघायला चर. माठाचं बी फार बारीक असतं, त्यात कोरडी वाळू मिसळली की एकसारखं पडतं. वर पेंढ्याचा पातळ थर द्या, नाहीतर पहिल्याच सरीत बी वाहून जातं. कोंब दिसले की पेंढा लगेच काढा.

भेंडी मेअखेरीस टोका. बी रात्रभर भिजवा. पावसाळ्यात झाड माजतं, म्हणून दोन ओळींत दोन फूट तरी ठेवा. काकडी, दुधी, शिराळी यांचा मांडव पाऊस लागायच्या आत उभा करा, चिखलात खांब धरत नाहीत. फुलं येऊ लागली की फळमाशीसाठी क्यूल्युअरचे, म्हणजे नर माशीला वासाने ओढणारे सापळे टांगा.

आता खरी अडचण. भेंडी साधारण ४५ ते ५० दिवसांनी सुरू होते, म्हणजे ऐन भाताच्या लावणीत. तेव्हा गावात मजूर मिळत नाही आणि भेंडी तर एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. घरची माणसं जेवढी तोडू शकतील तेवढीच भेंडी लावा. दोन-तीन गुंठे नीट सांभाळलेले परवडतात, अर्धा एकर हातातून जातो.

माठ-मुळा आणि भेंडी यांच्यामधली फट रानभाज्या भरून काढतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी यांना ठाण्यात मान आहे. शेवळं खाजतात, म्हणून जुडीसोबत काकडं, म्हणजे खाज मारणारी आंबट रानफळं द्या आणि ती कशी घालायची हेही सांगा. नव्या गिऱ्हाइकाचा घसा एकदा खवखवला की ते परत शेवळं घेत नाही. खुडताना कंद जमिनीत राहू द्या. पाड्यावरच्या बायकांकडून घेत असाल तर त्यांचा भाव पाडू नका. ओळख त्यांची आहे, रानही त्यांनीच राखलंय.

पालेभाजी आदल्या संध्याकाळी काढा, मुळं धुवा, पाणी निथळू द्या आणि ओल्या गोणपाटात उभी ठेवा. प्लास्टिकमध्ये गच्च बांधलेली जुडी रात्रीतच उबते. भेंडी मात्र धुवायची नाही, ओली राहिली की काळी पडते. ती कोरड्या क्रेटमध्ये, वर वजन न ठेवता न्या. कल्याणमार्गे गर्दी व्हायच्या आत टेम्पो पुढे निघाला पाहिजे.

टेबलावर भाव लिहून ठेवा, सुटे पैसे घ्या, यूपीआयचा कागद पावसात भिजणार नाही असा लावा. घरी आल्यावर कोणत्या क्रेटात काय उरलं ते वहीत टिपा. पुढच्या वाफ्यात काय पेरायचं, ते त्या पानावरून ठरवा.