वाचलेल्या-पाहिलेल्याची वही कशी ठेवावी: एकट्याने आणि मुलासोबत

पुस्तक वाचून संपले किंवा एखादा माहितीपट पाहून झाला की दोन दिवस तो मनात घोळत राहतो आणि आठवडाभरात त्याचे फक्त "छान होते" एवढेच उरते. ज्या पानावर आपण थबकलो होतो, ज्या वाक्याचा राग आला होता, ज्या दृश्यापाशी शेजारी बसलेल्या मुलाने आपला हात घट्ट धरला होता, ते सगळे विरून जाते. ते टिकवायचे असेल तर नोंदीची एक साधी रीत लावून घ्यावी लागते. मी ठाण्यात राहतो, माझी नऊ वर्षांची भाची ऐरोलीला राहते, आणि आम्हा दोघांच्या अशा एका वहीच्या अनुभवावरून ती रीत येथे मांडत आहे. परीक्षण लिहिणे हा यामागचा हेतू नाही. परीक्षण पुस्तकाविषयी असते; या वहीत पुस्तकामुळे आपल्याला काय झाले ते लिहायचे असते. हा फरक पाळला तर वही चालू राहते, नाही तर चार पानांतच तिची शाळेची वही होते.

वही साधी, दोनशे पानांची, शिवलेली घ्यावी. सुट्या पानांची फाइल नको, कारण पाने मागेपुढे झाली की तारखांचा क्रम हरवतो. वही उघडल्यावर डावीकडचे पान मोठ्या माणसाचे आणि उजवीकडचे मुलाचे असे ठरवून टाकावे. वर एका ओळीत तारीख, पुस्तकाचे किंवा माहितीपटाचे नाव, लेखक अथवा दिग्दर्शक, आणि ते आपल्यापर्यंत कसे आले याची नोंद करावी. ही शेवटची बाब अनेकांना अनावश्यक वाटेल, पण पुस्तक कोणाच्या सांगण्यावरून हाती आले यावरून आपण ते कोणत्या अपेक्षेने उघडले हे पुढे लक्षात येते. जे आपण एकट्याने वाचले त्याच्यासमोरचे उजवे पान कोरेच राहू द्यावे. आज एकट्याने वाचलेले पुस्तक दोन-तीन वर्षांनी मुलाला वाचून दाखवण्याजोगे होते, आणि तेव्हा आपली जुनी नोंद डावीकडे तयार असते. मोबाइलवर टिपणे ठेवण्याला माझा विरोध नाही. मात्र मुलासमोर मोबाइल हातात घेतला की नोंद बाजूला राहते आणि मोबाइल कोणी किती वेळ घ्यायचा हीच चर्चा सुरू होते, हे घरोघरी ठाऊक आहे.

एकट्याच्या वाचनाची नोंद त्याच दिवशी झोपण्यापूर्वी करावी आणि ती पाच-सहा ओळींपेक्षा मोठी होऊ देऊ नये. सारांश लिहू नये. तो मलपृष्ठावर असतोच. आपण कोठे थांबलो, कोठे पाने भराभर उलटली आणि कोठे लेखकाशी मनातल्या मनात वाद घातला, एवढेच आठवावे. "भाषा ओघवती असून पुस्तक प्रेरणादायी आहे" ही नोंद पुस्तक न वाचताही लिहिता येते. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे, अमेरिकेत टस्कीगीच्या संस्थेत शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे, १९८१ साली प्रसिद्ध झालेले चरित्र पुन्हा वाचले तेव्हा माझ्या डाव्या पानावर उतरले ते असे: "टस्कीगीला प्रयोगशाळेसाठी पैसे नाहीत म्हणून कार्व्हर मुलांना घेऊन उकिरड्यावरून बाटल्या आणि डबे गोळा करतात, तेथे थांबलो. आमच्या शाळेची प्रयोगशाळा तपासणी येईपर्यंत कुलूपबंद असायची, ती आठवली. मानसन्मानांची वर्णने भराभर उलटली. इतके सोसलेला माणूस कधी कोणावर चिडलाच नसेल का?" यात मूल्यमापन जवळजवळ नाही, तरीही ही नोंद वाचली की पुस्तक पुन्हा समोर उभे राहते.

ग्रंथालयातून पुस्तके आणणाऱ्यांना एक अडचण येते. ठाण्यात १८९३ साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि त्यामुळे येथील अनेक वाचकांचे बरेचसे वाचन परत करायच्या पुस्तकांचे असते. अशा पुस्तकावर खुणा करता येत नाहीत. (करणारे करतातच, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले "वा!" आणि "साफ खोटे" असे शेरे मी आवडीने वाचतो, पण तशी शिफारस करता येणार नाही.) यावर उपाय म्हणून जाडसर कागदाची एक पट्टी पुस्तकात खूण म्हणून ठेवावी, तिच्यावर पानाचा आकडा आणि एखादा शब्द लिहीत जावे, आणि पुस्तक परत करण्याच्या आदल्या रात्री त्या पट्टीवरून वहीत नोंद उतरवावी. पट्टीवरचा जो शब्द आता काहीच सांगत नाही तो खुशाल सोडून द्यावा.

माहितीपट एकट्याने पाहताना प्रतिक्रिया लवकर निसटते, कारण पडदा आपल्यासाठी थांबत नाही. जेथे गलबलून आले किंवा शंका आली तेथे मिनिटांचा आकडा टिपून ठेवावा आणि पाहून झाल्यावर तेवढाच भाग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा पाहावा. संगीत आणि निवेदन काढून घेतल्यावरही गलबलून येते का, हे पाहणे उद्बोधक असते. पुष्कळदा आपल्याला व्हायोलिनने रडवलेले असते.

आता मुलासोबतच्या वाचनाकडे वळू, कारण खरी अडचण तेथेच आहे. वाचून दाखवण्याचा भाग मुलाला अजून हवासा वाटत असतानाच थांबवावा आणि त्यानंतर काहीही विचारू नये. "मग, यातून काय शिकलीस?" हा प्रश्न तर कधीच नको. या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर दुसरीतल्या मुलालाही माहीत असते, ते लगेच मिळते, आणि ते मिळाल्यावर मुलाला खरोखर जे वाटले होते ते बोलायला जागाच उरत नाही. प्रतिक्रिया हात दुसऱ्या कामात गुंतलेले असताना येते: मटार सोलताना, चपला शोधताना, गाडीत. गुलामगिरीच्या काळात तान्ह्या जॉर्ज कार्व्हरला त्याच्या आईसह एका टोळीने पळवून नेले, मालकाने बाळाच्या बदल्यात एक घोडा दिला आणि आई मात्र परत मिळाली नाही, हा प्रसंग मी भाचीला वाचून दाखवला तेव्हा ती अवाक्षरही बोलली नाही. पुढे काही दिवसांनी तिला घरी सोडायला ठाणे-वाशी गाडीने जात असताना, दिघा गाव मागे पडल्यावर, खिडकीबाहेर बघत तिने विचारले, "मामा, त्या घोड्याचं पुढे काय झालं? त्याला कुणी विचारलं होतं का?"

असे वाक्य जसेच्या तसे उतरवावे. ते "तिला प्राण्यांविषयी कळवळा वाटला" असे शुद्ध करून लिहिण्याचा मोह फार होतो आणि तो टाळणे हीच या वहीची सगळ्यात कठीण शिस्त आहे. मोठा माणूस त्या प्रसंगात गुलामगिरीच्या क्रौर्यापाशी थांबतो. मुलीने त्याच व्यवहारातली भीषण गोष्ट, जिवाच्या बदल्यात जीव मोजून देता येतो ही, घोड्याच्या बाजूने पकडली होती. हे मला डाव्या पानावर लिहू लागल्यावर सुचले. तिच्या पानावर मी ते लिहिले नाही आणि तिला समजावूनही सांगितले नाही. मुलाचे वाक्य लिहिण्यापूर्वी "हे वहीत लिहू का?" असे विचारावे आणि नको म्हटल्यास लिहू नये. काहीच बोलणे झाले नाही तर पान कोरे सोडावे किंवा मुलाला चित्र काढू द्यावे. अगदीच विचारायचे झाले तर "कुठला भाग परत वाचू?", "यातलं कोण तुला आवडलं नाही?", "मघाशी हसलीस ते कशाला?" असे प्रश्न चालतात, कारण त्यांची बरोबर उत्तरे नसतात.

माहितीपट मुलाला दाखवण्यापूर्वी मोठ्या माणसाने तो आधी एकट्याने पूर्ण पाहिलेला असावा. पुस्तकात ही अट मी इतकी काटेकोरपणे पाळत नाही, कारण वाचताना एखादा परिच्छेद गाळता येतो. पडद्यावरचे दृश्य आपण रिमोट शोधेपर्यंत घडून गेलेले असते. शिवाय गोष्टीच्या पुस्तकात मूल घाबरले तर "अगं, खरं नसतं ते" म्हणून वेळ मारून नेता येते. माहितीपटात ही सोय नाही. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स' या २०२२ मधल्या, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळवणाऱ्या लघु माहितीपटात तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात एक जोडपे रघू नावाच्या अनाथ हत्तीच्या पिल्लाला वाढवते आणि नंतर वन विभाग रघूला दुसऱ्या सांभाळणाऱ्याकडे सोपवतो. हा भाग आला तेव्हा भाचीने "बंद कर" म्हटले आणि पडद्याकडे पाठ केली. अशा वेळी बंद करावे. "पुढे छान होतं" असे सांगून मुलाला बसवून ठेवू नये आणि वन विभागाची बाजूही तिथल्या तिथे मांडू नये. उजव्या पानावर "येथे बंद केले" एवढीच नोंद पुरेशी आहे. उरलेला भाग मुलाने स्वतः मागितल्यावर दाखवावा. या माहितीपटाची लांबी साधारण चाळीस मिनिटे आहे, जी लहान मुलांसाठी सोयीची आहे, पण त्यातली माणसे तमिळ बोलतात. खालच्या अक्षरांमागे धावणाऱ्या मुलाचे चित्राकडे दुर्लक्ष होते, म्हणून शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत जावे.

आपल्या भागाशी जोडलेले दृश्य असेल तर प्रतिक्रिया वेगळीच येते. बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ टू' या २०१६ च्या मालिकेतील शहरांवरच्या भागात मुंबईतले बिबटे रात्री वस्तीच्या कडेला डुकरांची शिकार करताना दिसतात. ठाण्याच्या मुलासाठी ते परदेशातले जंगल नसते. हे बिबटे ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून येतात, ठाण्याजवळचे येऊरचे डोंगर त्याचाच भाग आहेत आणि शाळेची सहलही तेथे जाऊन आलेली असते. भीती वाटली तर ती हसण्यावारी नेऊ नये. बिबट्या बहुतेक रात्री हिंडतो, वस्तीलगत त्याला कुत्री आणि डुकरे मिळतात, कचरा उघड्यावर पडला की ती वाढतात आणि त्यांच्यामागे तोही येतो, अशी कारणे सांगितली की भीतीचे रूपांतर हळूहळू प्रश्नांत होते.

या प्रश्नांसाठी वहीची शेवटची काही पाने उलट्या बाजूने वापरावीत. तेथे माहितीपटावरच्या शंकाही याव्यात, कारण माहितीपट खरा असतो हेही पूर्ण खरे नाही. १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस' या डिस्नीच्या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरांसारखे प्राणी कड्यावरून स्वतःला झोकून देताना दाखवले होते. प्रत्यक्षात ते प्राणी चित्रीकरणासाठी दुसरीकडून आणून कड्यावरून ढकलण्यात आले होते, आणि त्या चित्रपटालाही ऑस्कर मिळाले होते. आजही फार दूरवरून टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज बहुधा नंतर जोडलेला असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे सांगितले की ती हिरमुसत नाहीत; उलट पुढच्या प्रत्येक माहितीपटात "हे कुणी धरलं असेल?" असा कॅमेऱ्याचा शोध सुरू होतो.

शक्य तेथे पडद्यावरचे प्रत्यक्ष पाहून यावे. फ्लेमिंगो गुलाबी का, हा प्रश्न आमच्या शेवटच्या पानावर बरेच दिवस पडून होता. त्याचे उत्तर, म्हणजे त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून येणारी रंगद्रव्ये, पुस्तकात सापडले, पण ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत होडीने गेल्यावर भाचीची नोंद निराळी झाली: "खूप लांब. चिखलाचा वास. काही पांढरेच आहेत, ते लहान असतील." पिल्ले राखाडी-पांढरी असतात हे तिने कोठे वाचले नव्हते. हे पक्षी हिवाळ्यापासून मेपर्यंत मोठ्या संख्येने दिसतात आणि होडीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

सहा महिन्यांतून एकदा दोघांनी बसून जुनी पाने वाचावीत, मात्र पाहुण्यांसमोर उजवे पान वाचून दाखवू नये. कौतुक झाले की मूल कौतुकासाठी वाक्ये रचू लागते. त्याला स्वतः लिहावेसे वाटू लागले की ते पान पूर्णपणे त्याच्या हवाली करावे आणि ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. मूल पान झाकून लिहू लागले, तर त्याला वेगळी वही आणून द्यावी.